अभ्यासिकेतले ॲक्सेस पॉइंट आणि आयपीचा घोळ: आठ महिने वापरल्यावर

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमची अभ्यासिका आहे, 70 खुर्च्या, तीन शिफ्ट, बहुतेक मुलं एमपीएससीची. दिवाळीनंतर दोन मजल्यांना दोन सीलिंगचे ॲक्सेस पॉइंट (राउटरचं नेट वायफायने पसरवणारी डबी) लावले. रेंज मस्त आहे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पण लेक्चरचा व्हिडिओ अडकत नाही, त्याबद्दल तक्रारच नाही. डोकं खाल्लं ते आयपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला लागणाऱ्या आकडी पत्त्याने, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्याच दिवशी निम्म्या मुलांचं नेट चालू आणि निम्म्यांचं वायफाय कनेक्टेड दिसतंय पण पान उघडत नाही. वायरिंगवाल्याने ॲक्सेस पॉइंटमधला डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी वाटणारी सोय) चालूच ठेवला होता आणि राउटरचा तर असतोच. एका म्यानात दोन तलवारी. फोन आयपी मागतो तेव्हा ज्याचं उत्तर आधी येईल ते तो घेतो, आणि ॲक्सेस पॉइंटकडून घेतला की गेटवे (नेटकडे जायचं दार) म्हणून त्याचाच पत्ता मिळतो, मग नेट कुठून येणार? आयपी वाटायचं काम फक्त राउटरचं, बाकी सगळीकडे ते बंद करा.

मग मी स्वतः बसून वरच्या मजल्याच्या ॲक्सेस पॉइंटला 192.168.1.120 असा स्टॅटिक, म्हणजे हाताने भरलेला कायमचा आयपी दिला. चूक झाली, कारण राउटर तेव्हा 100 ते 199 मधूनच वाटायचा, त्याने तोच पत्ता एका मुलाच्या लॅपटॉपला दिला आणि सेटिंगचं पान कधी उघडायचं कधी नाही. आता दोघांना 192.168.1.2 आणि .3 दिलेत, वाटपाच्या रेंजच्या बाहेर, मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) 255.255.255.0, गेटवे राउटरचा. गेटवे भरायला विसरू नका, तो नसला तरी मुलांचं नेट चालतं म्हणून लक्षातच येत नाही, पण ॲक्सेस पॉइंटला स्वतःला नेटवरून वेळ मिळत नाही आणि लॉगमध्ये भलत्याच तारखा पडतात.

स्टॅटिकच का, तर जूनमध्ये पावसाने दिवसातून चार वेळा लाइट जायची. आल्यावर ॲक्सेस पॉइंट आधी उठायचा, राउटर नंतर, आणि ऑटोवर ठेवलेला असताना हा आयपी मागून मागून थकायचा आणि कंपनीच्या मूळ पत्त्यावर जाऊन बसायचा, मग शोधत बसा. वायफाय मात्र या सगळ्यात चालूच असतं, कारण ॲक्सेस पॉइंटचा स्वतःचा आयपी आपल्याला आत शिरायलाच लागतो, मुलांचा डेटा होळकर पुलावरून गाड्या जाव्यात तसा त्याच्यावरून नुसता पलीकडे जातो.

सगळ्यात जास्त त्रास मार्चमध्ये झाला, परीक्षा तोंडावर असताना. दुपारच्या शिफ्टला फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वरच अडकायचे, लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा आकडा यायचा. तो दिसला की समजा लॅपटॉपला डीएचसीपीकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. कारण साधं होतं: 100 पत्ते, लीज (पत्ता वापरायची मुदत) 24 तासांची, सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर अडकलेले. त्यात मी मजल्यांना वेगवेगळी वायफाय नावं दिलेली, आणि अँड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक नावाला वेगळा रँडम मॅक (नेटवर्कवरची फोनची ओळख) वापरतो, म्हणजे वर-खाली करणारा एकच फोन दोन पत्ते खायचा. दोन्हीकडे एकच नाव केलं, रेंज 50 ते 250 केली, लीज 2 तास. फोन निम्मी मुदत झाली की आपोआप लीज वाढवून घेतो, त्यामुळे बसलेल्या मुलाला काही कळत नाही. त्या दिवसापासून ही तक्रार एकदाही आली नाही, आणि खरं सांगतो, फार हायसं वाटलं, महिन्याची फी भरून येणाऱ्या मुलांचा वेळ जातो तेव्हा वाईट वाटतं.

प्रिंटरला मात्र राउटरमध्येच रिझर्व्हेशन (दर वेळी तोच पत्ता राखून ठेवणं) केलंय, ते बरं पडतं. ॲक्सेस पॉइंटसाठी नको, कारण मागच्या महिन्यात नेटवाल्यांनी राउटर बदलला आणि सगळी रिझर्व्हेशन्स गेली. नवीन राउटर 192.168.0 चा निघाला, म्हणजे नेटवर्कच वेगळं, त्यामुळे .2 आणि .3 पण उघडेनात. घाबरू नका, ॲक्सेस पॉइंट रीसेट मारू नका, नवीन राउटरचाच पत्ता 192.168.1.1 करा आणि रेंज परत भरा. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. आता दोन्ही ॲक्सेस पॉइंटच्या खाली भिंतीवर त्यांचा आयपी स्टिकरवर लिहून चिकटवलाय.