डिजिटल पेपरची वर्गणी, वर्षभरानंतर: बातमी आहे, लिंक नाही

आधीच सांगून ठेवते. मुलांना व्यसन लावल्याच्या आरोपावरून सोशल मीडिया कंपन्यांवर अमेरिकेत खटले चाललेत; माझा नवरा त्यांतल्या एका प्रतिवादी कंपनीत नोकरीला आहे आणि घरात तिचे शेअर्स आहेत. मुलगी नववीत आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही माझा जीव गुंतलेला आहेच. एवढं सांगायला मला तीन ओळी लागल्या. वर्षभर ज्याचे पैसे भरले त्या पेपरला हे जमलेलं नाही, त्याकडे पुढे येते.

पेपर अमेरिकेतला मोठा आहे, नाव घेत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहून मी तो घेतला एकाच कारणासाठी: सोशल मीडिया आणि मुलं यांवरचे खटले. ऑकलंडच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे मेटा (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी), टिकटॉक, स्नॅप आणि यूट्यूबवरचे दावे ऑक्टोबर २०२२ पासून एकत्र चाललेत, आणि आता ते दोन हजारांच्या वर गेलेत. लॉस एंजेलिसला राज्याच्या कोर्टात न्यायाधीश कॅरोलिन कूल यांच्यापुढे दुसरा गठ्ठा आहे. आमच्या मराठी ग्रुपवर निम्मे लोक याच कंपन्यांत, निम्म्यांची मुलं याच ॲपवर, आणि बरेचसे दोन्हीकडे. तिथे रोज मथळ्यांचे स्क्रीनशॉट येऊन पडायचे आणि त्यावरून वाजायचं. म्हटलं, अख्खी बातमी वाचू.

ॲप चांगलं आहे. झटकन उघडतं, ऐकण्याची सोय आहे, अक्षर मोठं करता येतं. यावर जास्त लिहीत नाही.

माझं भांडण लिंकवरून आहे. ‘कोर्टात दाखल केलेल्या कागदपत्रांनुसार’ असं बातमीत लिहितात, त्यातल्या एका शब्दाखाली निळी रेघ असते, आपण आशेने दाबतो, आणि उघडते त्यांचीच गेल्या महिन्यातली बातमी. तिथली रेघ दाबा, त्याच्या आधीची बातमी. मूळ अर्ज, मूळ दावा, न्यायाधीशांचा मूळ आदेश वर्षभरात मला अगदी क्वचित सापडला. पाककृतींच्या पानावर तव्याच्या दुकानाची लिंक असते, हे मुद्दाम नोंदवते.

क्षुल्लक वाटेल, पण या विषयात सगळी मेख तिथेच आहे. ऑकलंडच्या कोर्टाचा नोव्हेंबर २०२३ चा आदेश घ्या. ‘कंपन्यांना खटल्याला सामोरं जावं लागणार’ असे मथळे तेव्हा सगळीकडे होते. खोटे नव्हते. पण आदेश वाचला तर कळतं की न्यायाधीशांनी यादी धरून एकेक वैशिष्ट्य तपासलंय. कधीच न संपणारं फीड आणि गुंतवून ठेवणारं अल्गोरिदम, म्हणजे ज्यावर आपण चहा पिताना तावातावाने बोलतो, त्यांवरचे रचनेतल्या दोषाचे आरोप १९९६ च्या कायद्यातल्या कलम २३० मुळे (इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइटला जबाबदार धरता येत नाही, असं सांगणारं कलम) बाजूला पडले. पुढे गेले ते वयाची धड पडताळणी नसणं, पालकांसाठी नियंत्रणं नसणं, चेहरा बदलणारे फिल्टर असले रुक्ष मुद्दे. मथळ्यावरून वाटतं कंपन्या हरल्या. आदेशावरून वाटतं दोघांनाही अर्धं अर्धं मिळालं. आमच्या ग्रुपवर एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी पेढे वाटले असते, जर कुणी तो वाचला असता तर.

त्याच आदेशात शाबूत राहिलेला आणखी एक आरोप: खातं बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं. आता माझी वर्गणी बंद करायची गोष्ट ऐका.

पहिले काही महिने आठवड्याला एक डॉलर, मग एकदम दर चार आठवड्यांनी पंचवीस. दर महिन्याला नाही, दर चार आठवड्यांनी. म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा हप्ते. शाळेत व्यवहारी अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंना हे दाखवायला हवं होतं. वर्गणी घेताना एक बटण, बंद करताना ‘का जाताय’, मग ‘हे सगळं गमावाल’, मग ‘आमच्या प्रतिनिधीशी बोला’. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच बंद करता आली पाहिजे. तसं मी चॅटमध्ये लिहिलं. समोरच्याने माफी मागितली, दोन मिनिटं गायब झाला आणि निम्म्या किमतीत सहा महिने देऊ केले. मी घेतले. रागावले होते, पण साडेबारा डॉलर साडेबारा डॉलर असतात.

तर लिंक. पेपर देत नाही म्हटल्यावर मी मूळ कागद शोधायला लागले आणि पेसर सापडलं. फेडरल कोर्टांची ही सरकारी साइट पानाला दहा सेंट घेते, एका कागदपत्राला जास्तीत जास्त तीन डॉलर. तिमाहीत तीस डॉलरच्या आत राहिलात तर एक पैसाही मागत नाहीत. तेहतीस राज्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मेटावर मिळून केलेला दावा २३३ पानांचा, तोही फार तर तीन डॉलरला. आणि कोर्टलिसनर नावाच्या साइटवर लोकांनी आधीच उतरवून घेतलेली पानं फुकट असतात. एक सदाशिव पेठी समाधान मला त्या रात्री मिळालं, ते वर्षभर पेपरने दिलं नव्हतं.

तेव्हा माझं मत पक्कं होतं: पेपर कंपन्यांच्या विरुद्ध आहे. पुरावा म्हणून मी तो प्रसिद्ध ‘तीनपैकी एक मुलगी’ आकडा पुढे करायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यात होतं की ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के मुली म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटलं. बातम्यांतून हिंडता हिंडता त्याचं ‘दर तीन मुलींमागे एकीला इन्स्टाग्राम घातक’ झालं. छेद गळला. कंपनीच्याच एका स्लाइडवरचं वाक्य तसं ढोबळ होतं, त्यामुळे सगळा दोष पत्रकारांवर टाकता येत नाही. पण कंपनी तेव्हा म्हणाली होती की तपासलेल्या बारा बाबींपैकी इतर अकरांत, त्रासात असलेल्या मुलींनी ‘इन्स्टाग्राममुळे बरं वाटलं’ असं जास्त सांगितलं. हे वाक्य पुढे किती बातम्यांत टिकलं ते शोधून बघा. आणि डिसेंबर २०२३ चा नॅशनल ॲकॅडमीज या अमेरिकेतल्या वैज्ञानिक संस्थेचा अहवाल: उपलब्ध संशोधनावरून, एकूण लोकसंख्येच्या पातळीवर सोशल मीडियामुळे मुलांच्या आरोग्यात बदल होतो असा निष्कर्ष निघत नाही. त्याचं नाव फारच थोड्या ठिकाणी दिसलं. फोटोबद्दल तर बोलायलाच नको. काळोख्या खोलीत फोनच्या निळ्या उजेडात एक चेहरा. दर बातमीला तोच.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये वादींनी ऑकलंडला दाखल केलेला मोठा अर्ज लोकांसाठी खुला झाला आणि माझी मांडणी डळमळली. ‘मेटाने पुरावा दडपला’ असे मथळे झळकले. मी सवयीने अर्ज उघडला. त्यात प्रोजेक्ट मर्क्युरी नावाच्या २०२० च्या प्रयोगाचा उल्लेख आहे: आठवडाभर फेसबुक बंद ठेवणाऱ्यांनी नैराश्य, चिंता, एकटेपणा कमी झाल्याचं सांगितलं, आणि कंपनीने ते काम थांबवलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार प्रयोगाची पद्धत सदोष होती म्हणून थांबवलं. मथळ्यात ‘वादींचं म्हणणं’ हे दोन शब्द नव्हते, आणि ज्या मूळ कागदांतून वाक्यं उचलली ते कागद तेव्हा लोकांसमोर आलेलेच नव्हते, हे माझ्या पेपरात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं. इथवर मी खूश. बघा, पक्षपात.

पण त्याच अर्जात इन्स्टाग्रामच्या सुरक्षा विभागाच्या माजी प्रमुखांची साक्ष आहे: शरीरविक्रयासाठी गळ घालण्यासारखे सोळा प्रकार एखाद्या खात्यावरून झाले तरी चालायचे, सतराव्याला खातं बंद. आता तसं नाही, असं मेटा म्हणते. मला तरी त्या अर्जातली सगळ्यात गंभीर गोष्ट ती वाटली, आणि माझ्या पेपरने ती एका ओळीत उरकली. का, तर ती व्यसनाच्या कथेत बसत नाही. व्यसन, तंबाखू, बिचारी मुलं, लबाड कंपनी, हा साचा ठरलेला आहे. त्यात बसेल ते वर, न बसेल ते खाली. त्यात कंपनीच्या बाजूचं गळतं, तसंच कधी कधी कंपनीच्या विरुद्धचंही.

राहिला सुरुवातीचा तीन ओळींचा मुद्दा. या कंपन्या बातमीतल्या आरोपी आहेत, तशा त्या पेपरवाल्यांच्या जाहिरातींच्या पैशातल्या प्रतिस्पर्धीही आहेत. गॅनेट या वृत्तपत्र कंपनीने जून २०२३ मध्ये जाहिरातींच्या व्यवहारावरून गुगलवर दावा लावला; यूट्यूब गुगलचंच. कॅनडात बातम्यांचे पैसे द्यायचा कायदा आल्यावर मेटाने ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे बातम्याच बंद केल्या. ऑस्ट्रेलियात मार्च २०२४ मध्ये मेटाने सांगितलं की वृत्तसंस्थांशी केलेले करार वाढवणार नाही. मे महिन्यात तिथल्या न्यूज कॉर्पने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियापासून दूर ठेवण्यासाठी मोहीम उघडली. मोहीम चुकीची होती असं मी म्हणत नाही, कदाचित बरोबरच असेल. पण मुलांच्या मनःस्वास्थ्यावरच्या बातमीखाली ‘आमचाही यांच्याशी पैशाचा संबंध आहे’ एवढी एक ओळ टाकायला शाई लागत नाही, विशेषतः डिजिटलमध्ये.

मी हे पेपरच्या तक्रार-पत्त्यावर लिहून पाठवलं. लिंकबद्दलही. ‘आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे’ असं उत्तर आलं, आणि त्यानंतर रोज सकाळी त्यांचं कोड्यांचं पत्रक यायला लागलं.

मग निम्म्या किमतीत तरी का ठेवला? कारण पेसरवर फक्त फेडरल कोर्टं. पहिला खटला ज्युरीपुढे उभा राहणार होता तो लॉस एंजेलिसच्या राज्य कोर्टात, जानेवारी २०२६ च्या शेवटी, आणि मेटाचे झुकरबर्ग, इन्स्टाग्रामचे मोसेरी, स्नॅपचे स्पीगल यांनी स्वतः हजर राहून साक्ष द्यावी असा न्यायाधीश कूल यांचा आदेश होता. तिथे बसून लिहिणारं कुणीतरी लागणार होतं. पेपरची कोर्ट बातमीदार खरंच चांगली आहे. न्यायाधीशांनी कुणाला काय झापलं, कोणत्या वकिलाला मध्येच थांबवलं, हे ती जसंच्या तसं देते, आणि तिच्या बातम्यांत ‘वादींचं म्हणणं’ जागच्या जागी असतं. मथळा देणारा माणूस वेगळा असावा.

वर्गणी घेणार असाल तर ॲपच्या सूचना आधी बंद करा, थेट तिचं नाव फॉलो करा, आणि सवलतीची मुदत संपायच्या आठवडाभर आधीचा गजर लावून ठेवा. बातमीदाराला पाचपैकी चार, ॲपला साडेतीन, लिंकला शून्य.