मोडलेला जबडा: तारांनी बांधायचा की प्लेट बसवायची?

खालचा जबडा मोडला की मुख्यतः दोन वाटा असतात. जुनी वाट म्हणजे वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधायचे आणि हाड आपोआप जुळू द्यायचं. नवी वाट म्हणजे हाड उघडून तुकडे जागेवर आणायचे आणि टायटॅनियमच्या छोट्या प्लेट स्क्रूने बसवायच्या.

तारांमध्ये चिरफाड नाही, खर्च कमी. पण मोठ्या माणसाचं तोंड साधारण 4 ते 6 आठवडे बंद! खाणं पातळ, वजन घटतं, दात घासणं म्हणजे कसरत. उलटी झाली तर तारा कापायला कटर कायम हाताशी हवा. फिट येणाऱ्या रुग्णाला तारा नकोतच, असं माझं मत.

प्लेट बसवल्या की तोंड लवकर उघडतं, मऊ जेवण लगेच सुरू होतं. 1970च्या दशकात फ्रान्समध्ये शाम्पी या सर्जननी जबड्यावर ताण कुठे येतो ते पाहून प्लेटच्या जागा ठरवल्या, म्हणून इवलीशी प्लेटही पुरते. मात्र बहुधा पूर्ण भूल लागते, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस दुखावू शकते, आणि संसर्ग झाला तर प्लेट काढावीही लागते.

खरा वाद कानाजवळच्या सांध्याच्या फ्रॅक्चरचा. तिथे चिरफाड करताना चेहरा हलवणारी नस वाटेत येते, त्यामुळे सर्जनांमध्ये अजून एकमत नाही. लहान मुलांत मात्र बहुतेक जण चिरफाड टाळतात. बांधलंच तर थोडेच दिवस, नाहीतर सांधा आखडतो.