विंचेस्टर, मार्लिन की पंपवाली रेमिंग्टन? पेनसिल्व्हेनियात हरणासाठी जुनी रायफल घेताना

दरवर्षी सप्टेंबर आला की इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी एखाद-दुसऱ्याचा फोन येतोच, की हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स काढलं, आता रायफल कुठली घेऊ, आणि नवीन नको हां, ऑफिसातला तो रिटायरमेंटला आलेला बाबा ज्याबद्दल सारखा बोलत असतो तसली जुनी पाहिजे. मग मी तीच टेप वाजवतो. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. फक्त पेनसिल्व्हेनियापुरतं धरा, मोंटाना नि टेक्सासवाल्यांनी यावर जाऊ नये, तिकडे मोकळं रान नि लांबचे नेम, गणितच वेगळं.

इथे हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढतं ती) चालत नाही, कायदाच आहे. म्हणजे दरवेळी काडतूस हाताने चढवायचं, मग ते बोल्टने (कडीसारखा दांडा मागे ओढून पुढे ढकलायचा), लिव्हरने (चापाखालची दांडी खाली-वर करायची) नाहीतर पंपने (नळीखालचा दांडा मागे-पुढे करायचा). आता खरं सांगायचं तर नुसतं हरीण पाडायचं असेल तर कुठलीही साधी बोल्ट अ‍ॅक्शन घ्या, स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण लावा आणि मोकळे व्हा, स्वस्तही पडेल. पण इथली माणसं ज्यांच्यावर जीव टाकतात त्या तीनच: विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ आणि रेमिंग्टन ७६०. तिन्ही मी शेजारच्या काकांच्या कृपेने वापरल्यात, त्यांच्या तळघरात तिन्ही आहेत (काका म्हणजे आपले देशी नव्हेत, जर्मन वंशाचे पक्के पेनसिल्व्हेनियावाले, पण मी काकाच म्हणतो आणि त्यांनाही आता ते सवयीचं झालंय).

त्यांची विंचेस्टर त्यांच्या वडिलांची. वरचा काळपट निळा मुलामा सगळीकडे शाबूत, फक्त लिव्हरच्या थोडं पुढे, जिथे रायफल एका हातात बरोबर तोलली जाते, तिथे दोन्ही बाजूंनी पार उडून खाली पांढरं लोखंड दिसतं. बापाच्या हाताने तीसेक वर्षं आणि मग मुलाच्या हाताने चाळीसेक वर्षं घासलेलं. त्यावर पुन्हा मुलामा चढवून देतो असं एका दुकानदाराने सांगितलं तर काका त्या दुकानात परत गेले नाहीत. मला हे लगेच कळलं, कारण कोकणात आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, इलेक्शन लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची आणि परत मिळाली की आजोबा घरी येऊन आधी चहा नाही, पाणी नाही, दस्त्याला खोबरेल चोळत बसायचे. रानडुकरं त्या बंदुकीला किती भ्यायची कुणास ठाऊक. आजी मात्र भ्यायची.

असो. तर विंचेस्टर ९४. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १८९४ चं, आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी थर्टी-थर्टी काडतूस आलं, अमेरिकेतलं शिकारीच्या रायफलीचं पहिलं बिनधुराच्या दारूचं. सत्तर लाखांच्या वर बनल्यात. हिचं सगळं सुख चालण्यात आहे. तीन किलोच्या आसपास वजन, वीस इंची नळी, अंग इतकं सपाट नि पातळ की एका मुठीत बसते आणि दिवसभर डोंगर चढलात तरी हात भरून येत नाही. झाडीत खांद्याला लावली की नेम आपोआप जागेवर येतो. इथल्या जंगलात हरीण बहुतेक वेळा पन्नास-साठ यार्डांवर अचानक उभं दिसतं, तिथे ही रायफल म्हणजे एक नंबर.

पण एक गोची आहे आणि ती आपल्या वयाच्या लोकांना नडते. जुन्या ९४ मधून रिकामी काडतुसं सरळ वरून उडतात, त्यामुळे डोक्यावर मधोमध स्कोप बसत नाही. कडेला बसवायची सोय मिळते पण ते म्हणजे फेट्यावर हेल्मेट. उघड्या खाचेतून नेम धरायचा तर मागची खाच, पुढचा मणी आणि हरीण अशा तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्याला मागची खाच पुसटच दिसते. मी पहिल्या सीझनला चष्मा नाकावर वर-खाली करत बसलो आणि तेवढ्यात हरीण शेपटी वर करून गेलं पण. कंपनीने १९८२ मध्ये काडतूस तिरकं उडेल असा बदल केला, त्यावर स्कोप बसतो, पण जुन्याच्या नादी लागलेले लोक त्या मॉडेलकडे ढुंकून बघत नाहीत.

त्यांना पाहिजे असते प्री-६४, म्हणजे १९६४ च्या आधीची. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला बरेच भाग घडवून, तासून करायचे सोडले, आतला काडतूस उचलणारा भाग पत्र्यातून ठोकून काढायला लागले, आणि बॉडीचं लोखंड असं बदललं की त्यावर जुन्यासारखा मुलामाच धरेना. तेव्हापासून बाजारात दोन जाती झाल्या. बॉडीवरचा सीरियल नंबर साधारण २७ लाखांच्या खाली असेल तर प्री-६४ समजायची, आणि दुकानदारालाही ते तुमच्याआधी माहीत असतं, भाव तसाच लावतो. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, हल्ली नवीन ९४ जपानमध्ये मिरोकू नावाची कंपनी बनवते, फिनिशिंग भारी असतं, तरी काकांसमोर तिचं नाव काढू नका. माझं मत विचाराल तर १९६४ नंतरचीसुद्धा गोळी तिथेच मारते. जीव लावायचाय की पैसे गुंतवायचेत हे आधी ठरवा.

मार्लिन ३३६ आली १९४८ मध्ये. काडतूस तेच, थर्टी-थर्टी, शिवाय थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन, ज्याचे इकडे अजूनही बरेच भक्त आहेत. ही थोडी जाड, थोडी जड, हातात ९४ सारखी लाडात येत नाही. पण वरून बंद, काडतूस उजवीकडून बाहेर पडतं, म्हणजे स्कोप सरळ डोक्यावर बसतो. आतला बोल्ट गोल, एक स्क्रू काढला की लिव्हर, बोल्ट सगळं हातात येतं आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर आतून खोलायची म्हणजे पंख्याची वायंडिंग उघडल्यासारखं, परत कसं बसवायचं ते सुचत नाही.

मार्लिन घेताना नळीवर डाव्या बाजूला, बॉडीला जिथे जोडते तिथे बघा, लंबगोलात जेएम असा छोटा शिक्का असतो. तो कनेक्टिकटच्या जुन्या कारखान्याचा, जॉन मार्लिनच्या नावाचा. २००७ च्या शेवटी रेमिंग्टनने कंपनी घ्यायचं ठरवलं, मग काम न्यूयॉर्कमध्ये इलियनला रेमिंग्टनच्या कारखान्यात हललं, जुने कारागीर सुटले, आणि सुरुवातीच्या काही वर्षांच्या मालाबद्दल इतकी बोंब झाली की लोकांनी त्याला रेमलिन असं नावच पाडलं. पुढे रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, २०२० मध्ये लिलावात मार्लिन रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने घेतली आणि २०२३ मध्ये ३३६ पुन्हा बाजारात आणली, नॉर्थ कॅरोलायनात बनते, चांगली म्हणतात, पण किंमत हजार डॉलरच्या वर. जेएमवाल्या जुन्या मार्लिनचं वर्ष काढायची मजेशीर ट्रिक आहे, १९७३ ते १९९९ च्या मालाला नंबरातले पहिले दोन आकडे २००० मधून वजा करायचे, २० ने सुरू होत असेल तर १९८० ची. १९८३ च्या आसपासपासून बॉडीत आडवं सेफ्टीचं बटण आलं, त्याच्या आधीचीला भाव जास्त. नवशिक्याला मात्र मी बटणवालीच घ्या म्हणेन, त्यात काही कमीपणा नाही.

दोन्ही लिव्हरवाल्यांना लागू असलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाच्या टोपीला टेकतं, आणि त्या टोपीवर ठोका बसला की बार उडतो. म्हणून साधी टोकदार गोळी भरायची नाही, चपट्या नाकाचीच, किंवा हॉर्नडी कंपनीची मऊ रबरी टोकाची मिळते ती. दुसरं, संध्याकाळी रायफल रिकामी करायची तर बऱ्याच जुन्या मॉडेलांत एकेक काडतूस लिव्हर मारून बाहेर काढावं लागतं, थंडीत बोटं बधिर झालेली असताना ते काम सांभाळूनच करायचं. आणि लिव्हर मारायची तर पूर्ण खाली, पूर्ण वर. मी घाबरत अर्धीच मारली, काडतूस मध्ये अडकलं, चूक शंभर टक्के माझी, काका बाजूला उभे राहून काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

रेमिंग्टन ७६० बद्दल थोडक्यात. १९५२ ते १९८१, नंतर तिचीच बहीण ७६००. शॉटगनसारखा पुढचा दांडा मागे-पुढे करायचा, नेम न हलवता दुसरा बार तयार. सेमी-ऑटोमॅटिकला बंदी आणि बार तर पटापट टाकायचेत, म्हणून या राज्याने हिला डोक्यावर घेतलं, गमतीत आमिश लोकांची (इथला आधुनिक यंत्रं टाळणारा पंथ) मशिनगन म्हणतात. थर्टी-ओ-सिक्स किंवा टू-सेव्हंटी काडतुसाची घेतलीत तर शेताच्या कडेला बसून दोनशे-अडीचशे यार्डांवरही भरवसा ठेवता येतो, थर्टी-थर्टीने मी दीडशेच्या पुढे जाणार नाही. काडतुसांचं मॅगझिन खाली ओढलं की निघालं, नळीच्या मागे चढवलेलं एक काढलं की रिकामी. टोकदार गोळीही चालते. वाईट म्हणाल तर दांडा खुळखुळतो, शांत पहाटे तो आवाज फार मोठा वाटतो, नळी पुढूनच साफ करावी लागते, आणि थर्टी-ओ-सिक्सचा खांद्याला धक्का थर्टी-थर्टीपेक्षा चांगलाच जास्त. रेमिंग्टनचा इलियनचा तो कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. दिसायला काही खास नाही हो, पण ज्याच्याकडे आहे तो विकत नाही.

मग घ्यायची कुठली? चष्मा असेल, पहिलीच असेल, झाडीत फिरणार असाल तर जेएम शिक्क्याची मार्लिन, डोळे झाकून. शेताच्या कडेला मचाणावर बसणार असाल तर ७६०. विंचेस्टर तेव्हाच, जेव्हा नजर चांगली आहे, पाय चांगले आहेत आणि हरीण नाही मिळालं तरी चालेल असं मनापासून वाटतं. मी स्वतः मार्लिन घेतली. मन विंचेस्टरवर होतं, खोटं कशाला बोलू.

दुकानात टॉर्च न्या. नळीचं तोंड झिजलेलं, ठेचलेलं नको. दस्ता जिथे लोखंडात शिरतो तिथे मागे बारीक चीर आहे का बघा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी घरी उघडून उद्योग केलेत. रायफल रिकामी आहे ना ते आधी स्वतः बघून लिव्हरवालीचा घोडा अर्ध्यावर ठेवा आणि चाप हलका दाबा, घोडा सुटता कामा नये. ग्रीन कार्डवाल्यांना फॉर्म भरून घेता येते, एच-वनवाल्यांना एरवी मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, पण त्या भानगडीत दुकानदाराच्या शब्दावर नको, वकिलाला विचारून पुढे जा. घरात लहान मुलं असतील तर कुलूपबंद कपाटाचे पैसे आधी बाजूला काढा, रायफल नंतर.

आणि काकांची ती विंचेस्टर विकतात का म्हणून मला मेसेज करू नका, मी विचारून झालंय, तिच्यावर नातवाचा नंबर लागलाय.