२५ हजारांत आयुष्यभराची गिटार: यामाहा एफएस ८००

गाणाऱ्या, बोटांनी छेडणाऱ्या किंवा लहान चणीच्या माणसाने २५ हजारांच्या आत यामाहा एफएस ८०० जरूर घ्यावी. फक्त दुकानात स्वतः वाजवून घ्यावी आणि घेतल्यावर सेटअपचे, म्हणजे तारांची उंची जुळवून घेण्याचे, पैसे वाचवू नयेत.

मी भावगीतं गाते आणि साथीला स्वतःच गिटार धरते. कॉलेजपासूनची लॅमिनेटेड, म्हणजे प्लायच्या थरांची, गिटार होती. तिने इमानाने साथ दिली, पण हळू छेडलं की आवाज मरायचा आणि जोरात छेडलं की माझा गळा झाकायचा. पुढची वीस वर्षं बदलावीशी वाटू नये अशी एकच, पण खास गिटार हवी होती. हातात होते २५ हजार, आणि त्यातच बॅग, तारा, सेटअप सगळं बसवायचं होतं. म्हणजे गिटारीवर खर्चायला साधारण २१ हजार.

या पैशांत सगळंच मिळत नाही, म्हणून काय सोडायचं ते मी आधी ठरवलं. गिटार स्पीकरला जोडायचा पिकअप आणि इक्वलायझर सोडला, कारण मी घरात आणि छोट्या बैठकीत गाते. कटअवे (वरचे स्वर गाठायला बॉडीला दिलेली खाच) सोडला, कारण बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे माझी बोटं जातच नाहीत. चकचकीत रंग आणि शिंपल्याची नक्षीही सोडली. एकाच गोष्टीवर अडून बसले: टॉप, म्हणजे पुढची फळी, सॉलिड (अखंड लाकडाची) हवा. गिटारीचा आवाज मुख्यतः पुढची फळी घडवते. अखंड स्प्रूस लाकडाची फळी हलक्या छेडण्यालाही थरथरते आणि वापराने मोकळी होत जाते. प्लायच्या टॉपचं तसं होत नाही.

सॉलिड टॉप ओळखायला साउंडहोलची, म्हणजे पुढच्या गोल भोकाची, कड बघा. मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितली. सॉलिड टॉपमध्ये वरच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात, रेषेला रेष जुळते. लॅमिनेटमध्ये कडेला कपाटाच्या प्लायसारखे थर दिसतात, मधला थर बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. काही गिटारींची कड काळी रंगवलेली असते. तिथे मॉडेलची माहिती वाचूनच खात्री करावी लागते. नुसता ‘स्प्रूस टॉप’ असा उल्लेख असेल तर तो लॅमिनेट समजा. सॉलिड असेल तर कंपनी तसं ठळक लिहिते.

नागपुरात बर्डीपासून सदरपर्यंतच्या दुकानांत एक गोष्ट सारखीच दिसली. गिटार मागितली की समोर ड्रेडनॉट येते. हा मोठा आकार मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी पहिल्यांदा बनवला आणि त्याला ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं. चारचौघांत कॉर्ड झोडायला तो आकार उत्तमच. पण माझी उंची पाच फूट एक इंच. ड्रेडनॉट मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाकडे चढतो आणि अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते. सदरच्या दुकानातल्या दादांनी ते बघितलं आणि स्वतःहून म्हणाले, “ताई, ही ठेवा बाजूला, लहान बॉडीची देतो.” त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आभारी आहे.

यामाहाची एफजी मालिका १९६६ पासूनची. एफएस ही त्याच घराण्यातली लहान बॉडी, आणि ८०० ची पिढी २०१६ मध्ये आली. एफजी ८०० आणि एफएस ८०० दोन्हींचा टॉप सॉलिड स्प्रूसचा, आतल्या पट्ट्या स्कॅलप्ड (कोरून हलक्या केलेल्या), मागची-बाजूची लाकडं नाटो किंवा ओकूमे. ही लाकडं कुणी कौतुकाने सांगावीत अशी नाहीत, आणि या किमतीत ते बरोबरच आहे, कारण पैसा टॉपवर गेलेला आहे. फरक मापांत आहे. एफजीची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६५० मिलिमीटर, एफएसची ६३४. सोळा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याच तारा, त्याच सुरात लावल्या तर ताण जवळपास ५ टक्क्यांनी उतरतो. माझ्या करंगळीला तो फरक लगेच कळला. एफ कॉर्डचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरून पूर्ण अंतरा निघाला.

तुलनेला फेंडरची सीडी ६०एस वाजवली. तीही सॉलिड टॉपची, मागे महोगनी. आवाज उबदार, खर्ज भरदार. उंच माणसाने, किंवा ज्याला मुख्यतः स्ट्रमिंग करायचं आहे त्याने तीच घ्यावी असं मी मनापासून सांगेन. मला मात्र तो खर्ज माझ्या खालच्या स्वरांवर बसतोय असं वाटलं. मी काळी चारला गाते, म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आणि जी कॉर्डचे आकार. त्या पट्टीत एफएस गळ्याच्या बाजूला उभी राहते, अंगावर येत नाही. मधले स्वर स्वच्छ, आणि एक-एक तार वेगळी ऐकू येते. उणीव सांगायची तर खर्ज पातळ आहे आणि आठ-दहा जणांच्या कोरसमध्ये ती ऐकू येणार नाही.

एकाच मॉडेलचे दोन नग मागा, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. लाकूड आहे, प्रत्येक फळी वेगळी. माझ्यासमोरच्या दोन नगांपैकी एकात नाद दोन क्षण जास्त टिकत होता, तोच घेतला. बाकी तपासणी अशी: प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून खरखर ऐकायची. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर जुळतो का बघायचं. नेकच्या कडेवरून तळहात फिरवून फ्रेटची टोकं टोचतात का बघायचं. आणि कॅपोची परीक्षा. आधी मोकळ्या तारांवर वाजवा, मग पहिल्या फ्रेटला कॅपो लावून तेच आकार वाजवा. कॅपोने बोटांना एकदम सुटल्यासारखं वाटलं, तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. त्या खोल करून घेता येतात, पण आधी माहीत हवं.

सेटअप महालातल्या एका काकांकडे केला. ते मूळचे हार्मोनियमवाले, हात अतिशय निगुतीचा. कारखान्यातून येणाऱ्या गिटारींचं सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) सहसा थोडं उंचच असतं, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. काकांनी पेन्सिलीने रेघ मारली, सपाट काचेवर सॅंडपेपर अंथरून त्यावर सॅडल मागे-पुढे फिरवलं, दर थोड्या वेळाने कॅलिपरने मापलं. “बेटा, घाई केली का सॅडल वाकडं होते,” एवढंच बोलले. जाड ई तार आता २.३ मिलिमीटरवर आहे, बारीक ई १.८ वर. तारा बारा नंबरच्या काढून थोड्या बारीक, अकरा नंबरच्या फॉस्फर ब्रॉन्झ लावल्या. या एका कामाने गिटार दुप्पट किमतीची वाटायला लागली, आणि खर्च गिटारीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आला.

आता नागपूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. सॉलिड टॉप हवा पितो आणि सोडतो. त्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि दुपारची हवा पार कोरडी, मग जुलैत सगळं ओलंचिंब. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं बाहेर येऊन टोचतात. टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला लागतात, फार झालं तर चीर जाते. पावसाळ्यात उलट: टॉप फुगतो आणि तारा वर जातात.

आणि आपला कूलर! दिवसभर खस भिजवून ओली हवा मारायची, रात्री बंद, की खोली पुन्हा कोरडी. गिटारीला हे चढउतार सोसत नाहीत. कूलर असलेल्या खोलीत ती भिंतीला टांगून ठेवू नका. माझी बॅगेतच असते. आत काही शे रुपयांचं आर्द्रता मोजणारं डिजिटल हायग्रोमीटर आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. आकडा ४० च्या खाली गेला की स्पंज पुन्हा ओला करते. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नको. सरस मऊ होऊन ब्रिज उचलला जातो.

ज्यांना हे सगळं सांभाळणं होणार नाही, किंवा ज्यांची गिटार होस्टेलच्या खोलीत पडून राहणार आहे, त्यांनी सॉलिड टॉपच्या मागे लागू नये. यामाहाचीच एफ ३१० लॅमिनेटेड टॉपची आहे. स्केल तीच ६३४, किंमत बरीच कमी, हवामानाला दणकट. नव्याने शिकणाऱ्याला मी तीच सुचवते आणि उरलेल्या पैशात सेटअप करायला लावते.

ऑनलाइन थोडी स्वस्त दिसेल. तरी एवढ्या पैशांची वस्तू मी न वाजवता घेणार नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे आलेल्या गिटारीच्या नेकला पीळ होता, आणि ती परत करण्यात तिचा पूर्ण पावसाळा गेला.

दुकानात जाताना कॅपो, ट्यूनर आणि तारांची उंची मोजायला सहा इंची स्टीलची पट्टी सोबत न्या. शनिवारी संध्याकाळी नको. कामाच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा दुकान शांत असतं आणि दादा कंटाळा न करता दुसरा नग काढून देतात.