‘सॅटेलाइट रिचार्ज’च्या नावाखाली गाडीतले मूळ यंत्र कसे गेले

मी अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता चार एकर संत्रा सांभाळतो. विज्ञानाचा शिक्षक होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘अडाणी माणूस असेल, म्हणून फसला’ असे कोणाला वाटायला नको. मी फसलो तो अर्धवट माहितीमुळे, आणि माझ्याजवळ जेवढी अर्धवट माहिती होती तेवढी आज गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांजवळ असते.

गाडी जुनी, नागपूरच्या मावसभावाकडून घेतलेली. त्याने 2012 साली ती नवी घेतली तेव्हाच कंपनीने डॅशबोर्डमध्ये म्युझिक सिस्टिम आणि नकाशाचे यंत्र एकत्रच बसवून दिले होते. रस्ते दाखवणारा नकाशा आतल्या छोट्या कार्डात होता आणि इतक्या वर्षांत त्याने काही त्रास दिला नव्हता. मे 2024 मध्ये एके दिवशी लक्षात आले की पडद्यावरची तारीख चुकते आहे. त्या दिवशी 15 मे, बुधवार होता आणि पडद्यावर 29 सप्टेंबर 2004 दिसत होते. वारही बुधवारच होता. तारीख वीस वर्षे मागे आणि वार मात्र बरोबर, याचे मला नवल वाटले. परंतु त्यापुढे मी विचार केला नाही. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचा सगळा खर्च वाचला असता.

जिल्ह्याच्या ठिकाणी गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचे एक मोठे दुकान आहे. तिथल्या माणसाने पडदा पाहिला, दोन बटणे दाबली आणि सांगितले, “काकाजी, याची सॅटेलाइटची व्हॅलिडिटी संपली. वर्षाचा रिचार्ज मारावा लागते. चोवीसशे रुपये.” मला ते लगेच पटले. माझे साडू भाड्याची प्रवासी जीप चालवतात आणि तिच्यात बसवलेल्या ट्रॅकिंगच्या यंत्राचा दरवर्षी रिचार्ज करावा लागतो, ही त्यांची तक्रार मी अनेकदा ऐकली होती. तिथे रिचार्ज लागतो तर इथेही लागत असेल, असा मी हिशेब केला. त्याने गाडी अर्धा तास आत नेली आणि परत आणली तेव्हा तारीख बरोबर झालेली होती. मी पैसे दिले. चिठ्ठीवर त्याने ‘सॅटेलाइट रि. वार्षिक’ एवढेच लिहिले.

साडूंच्या जीपमधले यंत्र आणि माझ्या गाडीतले यंत्र यांचे काम एकमेकांच्या अगदी उलट आहे, हे मला फार उशिरा कळले. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या भाड्याच्या प्रवासी वाहनांना जे ट्रॅकिंगचे यंत्र सक्तीचे झाले, ते स्वतःचा ठावठिकाणा सतत दुसऱ्याला कळवत असते. त्यासाठी त्यात मोबाइलसारखे सिम असते, आणि रिचार्ज त्या सिमचा असतो, उपग्रहाचा नव्हे. माझ्या गाडीतले यंत्र कोणाला काही कळवत नव्हते. ते फक्त ऐकत होते. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि आपली जागा सारखी सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचे सांगणे कानी पडले की गाडीतले यंत्र आपण कुठे आहोत हे स्वतःच हिशेब करून काढते. खाली कोण ऐकत आहे याची उपग्रहाला खबरही नसते, त्यामुळे ऐकणाऱ्याकडून पैसे घेण्याची तिथे सोयच नाही. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ या जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या खुल्या सेवेचेही तसेच आहे. पुढे ज्या मिस्त्रीने मला हे सगळे उलगडून दाखवले, तो एका वाक्यात म्हणाला होता, “गुरुजी, आकाशवाणी नागपूर आयकाले कधी रिचार्ज मारला होता काय तुमी?”

तारीख का चुकली होती, त्याचे कारण तर याहून साधे निघाले. जीपीएसचा उपग्रह तारीख सांगत नाही, तो आठवड्याचा क्रमांक सांगतो. मूळ रचनेत त्या क्रमांकासाठी जागा इतकी कमी ठेवली आहे की 1024 आठवडे, म्हणजे एकोणीस वर्षे आणि साडेसात महिने झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशी पाळी 6 एप्रिल 2019 च्या मध्यरात्री आली होती. काही यंत्रांची तारीख त्याच वेळी चुकली, तर काहींची आतल्या प्रोग्रॅमप्रमाणे नंतर केव्हातरी. मागे जाणे पूर्ण आठवड्यांचे असते, म्हणून वार बदलत नाही. 15 मे 2024 मधून 1024 आठवडे, म्हणजे 7,168 दिवस वजा केले तर बरोबर 29 सप्टेंबर 2004 येते. हा हिशेब मी पुढे कागदावर केला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, कारण असे हिशेब पोरांकडून करून घेण्यात माझे आयुष्य गेले आहे. दुकानदाराने केलेले काम इतकेच होते की घड्याळाची ‘उपग्रहावरून वेळ घ्या’ ही सोय बंद करून तारीख हाताने भरली. ते काम घरबसल्या दोन मिनिटांचे आहे.

त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गाडीची बॅटरी बसली. गावातच नवी 35 अँपिअर-अवरची बॅटरी लावून घेतली, तर पडद्यावर चार आकडी कोड मागणारी खिडकी आली. मी अंदाजाने तीन-चार वेळा आकडे दाबले आणि यंत्राने पुढे काही घेणेच बंद केले. पुन्हा त्याच दुकानात गेलो. त्याने सांगितले की बॅटरी बदलताना झटका बसून मदरबोर्ड जळला आहे, हे मॉडेल आता मिळत नाही, आणि अँड्रॉइडची नवी सिस्टिम बसवली तर नकाशा, यूट्यूब, मागचा कॅमेरा असे सगळे तिच्यातच मिळेल. भाव 18,500 रुपये. जुने यंत्र भंगारात जमा करून घेऊन त्याबद्दल 500 रुपये कमी. मागचे दोन स्पीकरही जळाले आहेत असे तो म्हणाला, पण तेवढे पैसे खिशात नव्हते म्हणून ते तेवढे राहिले. दहा हजार मी मोबाइलवरून दिले आणि आठ हजार रोख. मला बाहेर खुर्ची देऊन चहा पाजला, आणि गाडी शटरच्या आत गेली.

जळालेले यंत्र कोडची खिडकी कशी दाखवील, हा प्रश्न मला त्या खुर्चीवर बसून पडायला हवा होता. बॅटरी काढली की कोड मागणे ही चोरीपासून बचावाची जुनी सोय आहे. चोराने यंत्र उपटून नेले तरी ते त्याला चालू करता येऊ नये, यासाठी कंपन्या ती ठेवत. बहुधा गाडीच्या पुस्तिकेसोबत कोडचे एक छोटे कार्ड दिलेले असते. ते हरवले असेल तर यंत्रावरचा अनुक्रमांक आणि आरसी बुक दाखवून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून कोड मिळवता येतो. माझे कार्ड हरवलेलेही नव्हते. ते गाडीच्याच खणात, पुस्तिकेच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, विम्याच्या जुन्या कागदांमागे होते. मला ते सापडले नोव्हेंबरमध्ये.

नव्या सिस्टिमचे रंग हळूहळू दिसू लागले. गाडी तीन दिवस उभी राहिली की सुरूच होत नसे. आवाज मोठा होता, पण त्यात ढोलकीची थाप कुठे ऐकू येत नव्हती. दिवाळीनंतर मुलीला भेटायला धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेकडे निघालो होतो. परतवाड्यापर्यंत नकाशा उत्तम चालला. घटांग मागे पडले, मोबाइलचे नेटवर्क गेले आणि पडद्यावरचे रस्तेच नाहीसे झाले. राखी रंगाच्या कोऱ्या जागेवर एक निळा ठिपका तेवढा सरकत होता, आणि तोही मधूनमधून जंगलातच जाऊन उभा राहत होता. याच रस्त्याने जुन्या यंत्राच्या भरवशावर मी दोनदा रात्रीचा गेलो होतो, आणि नेटवर्क तेव्हाही नसायचे. सेमाडोहपर्यंत समोरच्या एसटीच्या मागे-मागे गेलो आणि पुढे विचारत विचारत.

जागा, नकाशा आणि वाहतुकीची बातमी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात, हे मला मेळघाटातल्या त्या ठिपक्याने शिकवले. ठिपका उपग्रहामुळे होता, म्हणून तो नेटवर्कविना टिकला. नकाशा मोबाइलच्या इंटरनेटवरून येत होता, म्हणून तो गेला. जुन्या यंत्राचा नकाशा कार्डात भरलेला होता. नवा नकाशा विकत घ्यावा लागणे यात काही गैर नाही, कारण रस्ते बदलतात आणि नकाशा करणाऱ्यालाही खर्च येतो. परंतु तो पैसा नकाशाचा असतो आणि त्याचे बिल तसेच असायला हवे. शिवाय बऱ्याच गाड्यांत असे कार्ड त्याच यंत्रापुरते बांधलेले असते, त्यामुळे दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळणारी नक्कल चालेलच असे नाही. नव्या सिस्टिमवरही परिसराचा नकाशा घरूनच उतरवून ठेवता येतो, हे दुकानदाराने सांगितले असते तरी मेळघाटातली ती संध्याकाळ टळली असती.

गाडी उघडून पाहिली ती परतवाड्याच्या एका मिस्त्रीने. दुकान म्हणजे टपरीच, पण मीटर हातात धरण्याची त्याची पद्धत पाहून माझा विश्वास बसला. त्याने पॅनल काढताच कळले की तारा जोडायचा कंपनीचा मूळ कपलर कापून टाकला आहे आणि तारा नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळली आहे. बाहेरून घेतलेल्या सिस्टिमच्या पिवळ्या तारेला सतत बारा व्होल्ट लागतात, ते घड्याळ आणि आठवण टिकवण्यासाठी. लाल तारेला वीज चावी फिरवल्यावरच मिळायला हवी. इथे दोन्ही तारा एकत्र बांधलेल्या होत्या. पडदा बटणाने बंद केला तरी यंत्र आत जागेच राहत होते. चावी काढून त्याने मीटर लावला तर अर्धा अँपिअर वीज वाहत होती. गाडी बंद असताना ती साधारण 0.05 अँपिअरच्या आत असावी. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला बारा अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांचे कोडे तिथेच सुटले.

‘जळालेल्या’ मागच्या स्पीकरच्या तारांना त्याने पेन्सिल सेल टेकवला, तर दोन्हींतून टक्क असा आवाज आला. स्पीकर शाबूत होते. एकाच्या तारा तेवढ्या उलट जोडल्या होत्या, त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जाई आणि खर्जाचा आवाज एकमेकांना मारून टाकी. जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबलेला होता. त्याला आकाश दिसायला हवे, म्हणून मिस्त्रीने तो समोरच्या काचेजवळ आणून चिकटवला आणि ठिपका रस्त्यावर आला. नव्या सिस्टिमच्या खोक्यावर ‘4×60 वॅट’, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी साठ वॅट, असे छापलेले होते. गाडीचा वीजदाब फार तर 14.4 व्होल्ट आणि स्पीकर चार ओहमचा धरला, तर अशा साध्या यंत्रातून एका स्पीकरला शुद्ध आवाजाचे 26 वॅटही गणिताने मिळत नाहीत, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. चार जीबी म्हणून विकलेली मेमरी तपासणीच्या ॲपमध्ये एकच जीबी निघाली. या सगळ्या कामाचे मिस्त्रीने साडेतीनशे रुपये घेतले, आणि कापलेल्या तारेचे तुकडे न मागताच एका पिशवीत भरून माझ्या हाती दिले.

ती पिशवी हातात आल्यावर मला माझी सर्वांत मोठी चूक दिसली. यंत्र माझ्या नजरेआड काढू दिले, त्याच्या अनुक्रमांकाचा फोटो काढला नाही, आणि पाचशे रुपयांच्या मोहाने ते तिथेच सोडले. कोड टाकला असता तर चालू झाले असते असे ते धडधाकट यंत्र होते. मी विचारायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला की ते त्याच महिन्यात भंगारवाल्याकडे गेले. पक्के बिल मागितले, तर जीएसटी वेगळा पडेल म्हणून तुम्हीच नको म्हणाला होतात, असे उत्तर मिळाले. हे अर्धे खरे होते. ‘बिल पाहिजे असन तर साडेतीन हजार वाढतीन’ असे तो म्हणाला होता आणि मी गप्प बसलो होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराने सहा हजार परत देण्याची तयारी दाखवली, ‘तक्रार मागे घ्या’ या अटीवर. मी ती अट मानली नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्के बिल नसले तरी दहा हजारांच्या मोबाइल व्यवहाराची नोंद, ‘सॅटेलाइट रि. वार्षिक’ची चिठ्ठी, कोडचे कार्ड आणि तारांची ती पिशवी एवढा ऐवज माझ्याकडे आहे. रोख दिलेल्या आठ हजारांचा पुरावा मात्र काहीच नाही.

तक्रारीचा मसुदा घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, तेव्हा आमच्याच भागातल्या एका संत्रा व्यापाऱ्याने तो सहज वाचला आणि खिशातून पाकीट काढले. त्याच दुकानाची, त्याच अक्षरातली, चोवीसशे रुपयांची चिठ्ठी त्यात होती. त्यांचे ‘रिचार्ज’चे दुसरे वर्ष चालू होते. तिचीही एक प्रत मी काढून घेतली.