हब मॉल, एडमंटन: उणे २७ मधला कट्टा

बहीण कॅनडात एडमंटनला युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टात मास्टर्स करतेय, जानेवारीत तिच्याकडे जाऊन आलो, आणि तिकडचं काय आवडलं असं विचाराल तर बर्फबिर्फ नाही, तिच्या कॅम्पसवरचा हब मॉल. मॉल म्हटल्यावर ब्रँडेड शोरूम वगैरे डोळ्यासमोर आणू नका. ही एक गल्ली आहे, सरळसोट, जवळपास ३०० मीटर लांब, वर काचेचं छत, दोन्ही बाजूंना खायचीप्यायची दुकानं, मध्ये टेबलं, आणि दुकानांच्या वर चक्क पोरं राहतात! त्यांच्या खिडक्या या गल्लीतच उघडतात. थेट चाळ आठवते, फक्त कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल तेवढे नाहीत.

आत शिरलो तर चष्म्यावर धुकं, काही दिसेना. "दादा, हलू नको, आधी जॅकेट काढ नाहीतर घाम फुटेल," इति बहीण. जॅकेट, टोपी, मफलर, ग्लोव्हज उतरवले की एका माणसाला दोन खुर्च्या लागतात, हे मुंबई-पुण्यात बसून कळत नाही.

आता तिथं गर्दी का असते ते सांगतो. कॉफी भारी आहे म्हणून नाही, कॉफी ठीकच. रदरफर्ड लायब्ररी, ह्युमॅनिटीजची बिल्डिंग, सगळं हबला आतूनच जोडलेलंय, त्यामुळे थंडीत बाहेर पाय न टाकता पलीकडे जायचं तर वाट हीच, आणि वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की पाय थांबतातच. आपला कट्टा तरी कुठे असतो? जाण्यायेण्याच्या वाटेवरच ना, मैदानाच्या टोकाला कट्टा बांधला तर तिथं कुत्रंही बसणार नाही. एका कॉफीत बहिणीला चौघं भेटले, एकाने उभ्याउभ्या असाइनमेंटची तारीख विचारली, एकीने आमच्या ताटलीतल्या दोन फ्राइज उचलल्या आणि बसलीच, पुढे अर्धा तास. कुणी कुणाला मेसेज केलेला नव्हता.

बार्टन मायर्स आणि जॅक डायमंड या आर्किटेक्ट लोकांचं हे काम, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि गंमत म्हणजे प्रोजेक्ट विद्यार्थी संघटनेचा होता. राहायला घरं हवी होती, म्हणून घरंही बांधली आणि रस्ताही. नाव त्यावरूनच, हाउसिंग युनियन बिल्डिंग, म्हणून हब.

मी स्वतः दुसऱ्या एका थंड गावात शिकलो, नाव घेत नाही. तिथं नवीकोरी इमारत, तीन मजले उंच काचेची लॉबी, महागडे सोफे, आणि सोफ्यांवर कायम शुकशुकाट. कारण साधं होतं, सोफे दरवाज्यासमोर. गरम हवा वर निघून जायची आणि दार उघडलं की खालून गार झोत थेट घोट्यावर. दोन दारांमध्ये छोटी मोकळी खोली ठेवली असती तरी अर्धं काम झालं असतं. काचेला खेटून बसलं तर थर्मामीटर २१ दाखवतोय आणि आपण कुडकुडतोय, कारण थंडगार काच अंगातली ऊब ओढून घेते. वर कोट टांगायला एक खुंटी नाही, चार्जिंगला प्लग नाही. दोन वर्षांत मी तिथं एकदा बसलो असेन, तेही शूजची लेस बांधायला.

हबचं सगळंच गोड आहे असं नाही. खाली गल्ली जागी असेल तर वरच्या खिडकीवाल्याला शांतता कुठून मिळणार, हा त्या डिझाइनमधला सौदाच आहे. आणि डिसेंबरात तिथं सव्वाचारला सूर्य मावळतो, मग काचेचं छत म्हणजे डोक्यावर काळं झाकण. तेव्हा दुकानांचे दिवे आणि खिडक्यांचे रंग कामाला येतात. खुद्द एडमंटन शहराची हिवाळ्यासाठीची डिझाइन गाइडलाइन आहे, त्यातही हेच सांगितलंय की वारा अडवा, ऊन पकडा, रंग वापरा, दिव्यांचा विचार करा. हब त्याच्या कितीतरी आधीचं.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. जाणार असाल तर दुपारी बाराएकला जा. टेबल रिकामं मिळणार नाही, पण ट्रे घेऊन दोन मिनिटं उभं राहा, कोणीतरी खुर्चीवरचं जॅकेट मांडीवर घेतंच.