नाव खऱ्या जर्नलचं, बँकखातं भलत्याच माणसाचं

मुंबईतल्या एका कॉलेजात मी शिकवते आणि सोबत अ‍ॅनालिटिकल टॉक्सिकॉलॉजीत (शरीरातलं विष शोधून मोजण्याच्या शास्त्रात) पीएचडी करते. एका जुन्या युरोपीय जर्नलच्या नावाने उभ्या केलेल्या खोट्या वेबसाइटने माझा पेपर घेतला, 24,000 रुपये घेतले आणि नंतर पेपर मागे घ्यायचा म्हटल्यावर आणखी 300 डॉलर मागितले. जर्नल खरं आहे, त्याचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांकही खरा आहे. वेबसाइट तेवढी भामट्यांची. या प्रकाराला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. आमच्या विषयातली मुलं याला सहज बळी पडावीत अशी परिस्थिती आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

परिस्थिती अशी. या विषयातली नावाजलेली जर्नल्स मोजकी. ‘जर्नल ऑफ अ‍ॅनालिटिकल टॉक्सिकॉलॉजी’ 1977 पासून निघतं, ‘फॉरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’ही त्याच सुमाराचं, ‘ड्रग टेस्टिंग अँड अ‍ॅनालिसिस’ त्या मानाने नवं. गेल्या काही वर्षांत यांत फेंटॅनिलची भावंडं, निटाझीन, कृत्रिम कॅनाबिनॉइड अशा नशेच्या द्रव्यांवरचे पेपर भरभरून येतात, आणि तेही एलसी-एमएस-एमएस किंवा हाय रेझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री अशा महागड्या यंत्रांवर केलेले. युरोप-अमेरिकेत लोक त्याने मरतात, तर तिकडचं संशोधन तसंच असणार. आपल्याकडे विषबाधा म्हटली की क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड यांसारखी कीटकनाशकं, नाहीतर गावठी दारूतलं मिथेनॉल. 2015 च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मिथेनॉलने गेली, ते मुंबईकर विसरलेले नाहीत. पण यावरचा साधा जीसी-एमएसचा (वायुरूपात घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावरचा) पेपर पाठवला की ‘स्थानिक महत्त्वाचा विषय’ म्हणून साभार परत. हे मला फार खटकतं. ज्या विषाने आपल्याकडची माणसं दगावतात ते शोधायची स्वस्त, खात्रीची पद्धत हे दुय्यम काम नाही.

भामट्यांना हे दुखणं नेमकं ठाऊक असतं. मला आलेल्या मेलचा विषयच होता आशियातील कीटकनाशक विषबाधेवरचा विशेषांक. मागोमाग ‘पब्लिकेशन सपोर्ट’वाल्या एकाचा व्हॉट्सअ‍ॅप. फोनवर अस्सल मराठीत बोलायचा. “मॅडम, टेन्शन घेऊ नका. यूजीसी केअर बंद झालंय, आता कॉलेजच ठरवतं. हे तर स्कोपसमधलं आहे, तुमचं काम झालंच म्हणून समजा.” स्कोपस म्हणजे तपासून घेतलेल्या जर्नल्सची जागतिक सूची. एजंटच्या बोलण्यातला पहिला भाग खरा होता, आणि खोट्याला टेकू देण्यापुरतं खरं हे लोक नेहमी वापरतात. यूजीसीची मान्य जर्नल्सची ही केअर यादी 2019 साली आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती थांबवली. पीएचडीसाठी पेपर छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही 2022 च्या नियमांत गेली. पण बढतीला, मुलाखतीला आणि बऱ्याच गाइडना पेपर लागतोच. यादी गेली, गरज राहिली आणि मधल्या जागेत हे दुकानदार शिरले.

माझं काम देवनारहून आणलेल्या बकऱ्याच्या यकृतावरचं. त्यात ठरावीक प्रमाणात क्लोरपायरीफॉस मिसळायचं, क्वेचर्स या झटपट, स्वस्त पद्धतीने ते वेगळं करायचं आणि जीसी-एमएसवर मोजायचं. आठवड्याच्या आत दोन ‘रिव्ह्यू’ आले. पहिला म्हणतो, लेखन उत्तम, कीवर्ड अकारविल्हे लावा. दुसरा म्हणतो, संदर्भांत अमुक दोन पेपरची भर घाला. ते दोन्ही त्याच वेबसाइटवरचे निघाले. रिकव्हरी (मिसळलेल्यातलं किती परत मिळालं), मॅट्रिक्स इफेक्ट (यकृतातल्या इतर घटकांचा मोजणीवरचा परिणाम), इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी घातलेलं ठरावीक द्रव्य) यांबद्दल चकार शब्द नाही. पैसे भरायला आलेलं खातं एका व्यक्तीच्या नावावरचं बचत खातं. पावती मागितली तर एक पीडीएफ आली, त्यावर जीएसटी नंबर नाही. “परदेशी प्रकाशकाचे इथले प्रतिनिधी आहोत,” हे त्यावरचं उत्तर.

पेपर वेबसाइटवर चढला तो मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर उघडला. क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) चेपून बसवलेला, त्यातल्या शिखरांवरची अक्षरं वाचता येत नव्हती. खाली तक्त्यात पाहिलं आणि हातपाय गार पडले. प्रत्येक मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला होता. फाइल त्यांच्या साच्यात घालताना सिम्बॉल फॉन्ट गळला, म्यूचं चिन्ह जाऊन तिथे एम उमटला आणि कोणीही तपासलं नाही. माझी शोधमर्यादा, म्हणजे पद्धतीने ओळखता येणारी सर्वांत कमी मात्रा, 0.05 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. छापलं गेलं 0.05 मिलिग्रॅम. हजारपटीचा फरक. विषशास्त्रात यकृतातला अवशेष आणि जीव घेणारी मात्रा यांतलं अंतर याहून कमी असू शकतं. उद्या एखाद्या खटल्यात कोणी हा आकडा आधाराला घेतला तर? दुरुस्ती करा म्हणून कळवलं, तर ‘करेक्शन चार्ज’ मागितला. पेपर मागे घेते म्हटल्यावर ते 300 डॉलर निघाले.

मग गाइड मॅडमनी आणि मी मिळून शहानिशा केली. ही तपासणी पेपर पाठवण्याआधी कोणालाही घरबसल्या, फुकट करता येते. आयएसएसएनच्या जागतिक पोर्टलवर नंबर टाकला, तर नोंदीत ते जर्नल फक्त छापील होतं, प्रकाशक युरोपातली एक संस्था. आयएसएसएन ही नुसती ओळख असते, दर्जाशी तिचा काडीचा संबंध नाही. पेपरवरचा डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) डीओआय संस्थेच्या वेबसाइटवर टाकला. असा डीओआय अस्तित्वातच नाही, असं उत्तर आलं. पहिल्या पानावर झळकणारा ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ तर निव्वळ बनाव होता. खरा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरचे सरासरी किती उल्लेख होतात तो आकडा) क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच पाहायचा. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने 2022 पासून अशा पळवलेल्या जर्नल्सची यादी खुली ठेवली आहे, तीही चाळावी. आणि स्कोपसमध्ये शोधायचं ते थेट स्कोपसवर जाऊन. एजंटने पाठवलेली लिंक किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

हे सगळं आपल्यासारख्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट पेपर वाचायला मोफत असलेल्या 304 खुल्या जर्नल्सना पाठवला होता. 157 जणांनी तो स्वीकारला.

सर्वांत मोठा फटका पैशांचा बसत नाही. एकदा पेपर कुठेतरी ‘प्रकाशित’ दिसला की चांगली जर्नल्स तो पुन्हा घ्यायला कचरतात, म्हणजे कितीतरी महिन्यांची मेहनत ओलीस राहते. मागे घेण्याचे पैसे आम्ही भरले नाहीत, तुम्हीही भरू नका. भरल्यावर पेपर निघतोच असं नाही, मागणी मात्र वाढते. आम्ही छापील अंकावरच्या पत्त्यावरून खऱ्या संपादकांना गाठलं. आपली अशी वेबसाइटच नाही आणि हा पेपर आपण छापलेला नाही, असं पत्र त्यांनी सही करून पाठवलं. ते पत्र आणि सगळी हकीकत जोडून आम्ही दुसऱ्या जर्नलच्या संपादकांना आधीच विचारलं, त्यांनी पेपर पाहायची तयारी दाखवली. तिथल्या रिव्ह्यूअरने पहिलाच प्रश्न विचारला: आपल्याकडे शवविच्छेदनानंतर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, त्याने रिकव्हरीवर काय परिणाम होतो? असा प्रश्न विचारणारा माणूस भेटावा म्हणून तर पेपर पाठवायचा असतो. त्या प्रयोगांचं काम सध्या चालू आहे.

पोलिसांत जायचं तर उशीर करू नका. 1930 वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. माझे पैसे तोवर खात्यातून निघून गेले होते, तक्रारीचा तपास चालू आहे. वेबसाइट बंद पडण्याआधी तिची पानं तारखेसह जपून ठेवा, इंटरनेट आर्काइव्हवर साठवली तर उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण डिलीट करू नका. खाते क्रमांक, यूपीआय आयडी, व्यवहाराचा यूटीआर नंबर एकत्र लिहून काढा. तुमच्या कॉलेजातल्या आणखी कोणी त्याच खात्यात पैसे भरले असतील, तर एकाच अर्जावर सगळ्यांच्या सह्या न घेता प्रत्येकाने आपली वेगळी तक्रार नोंदवावी आणि एकमेकांचे तक्रार क्रमांक त्यात लिहावेत.